चंद्राच्या केकची भिशी

मेईताई,

आधी माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलेच नाहीत. चौथीनंतर पाटी सुटली. पुढं लिहायचं म्हणजे वाणसामानाची यादी आणि आईला पत्र, एवढंच. आई गेल्यावर पत्रही संपलं. तुला काय त्याचं, तुला मराठी येतच नव्हतं. पण चुकीचं लिहिताना माझी मलाच लाज वाटते, म्हणून सांगून टाकलं.

तू जाऊन तीन आठवडे झाले आणि मला एका जागी बसवत नाही. दोन ओळी लिहिते, उठते, शेगडी बंद आहे का बघते, बाल्कनीत जाते, परत येते. हे विचारतात, "अगं, काय शोधतेस?" हे म्हणजे माझे मालक. तू त्यांना "हेर शेफ" म्हणायचीस, जर्मनमधे हेर म्हणजे श्रीयुत आणि शेफ म्हणजे साहेब, आणि त्यांना ते फार आवडायचं. जन्मभर कारखान्यात फिटर म्हणून राबलेल्या माणसाला दुसरं कोण साहेब म्हणणार? मी काही शोधत नाही. पाय थांबत नाहीत, इतकंच. रोज एकदा तुझ्या दुकानापर्यंत जाऊन येते. काचेवर आतून कागद लावलेत.

आपली ओळख मिरचीवरून झाली. या आपल्या जर्मन वस्तीत, त्सुफेनहाउझेनमधे, तेव्हा हिरवी मिरची फक्त तुझ्या दुकानात मिळायची. मी बोटानं दाखवायची, तू पिशवीत भरायचीस आणि वर चार काड्या कोथिंबीर फुकट टाकायचीस. आमच्याकडं भाजीवालीनं अशी वर कोथिंबीर टाकली की ती बाई आपली झाली असं समजतात. हे तुला हाँगकाँगात कुणी शिकवलं होतं?

मग एका सप्टेंबरात तुझ्या मनगटाला पट्टी होती. आतल्या खोलीत तू लाकडी साच्यात तुमच्या चंद्राच्या सणाचे केक दाबत होतीस, आणि साचा टेबलावर आपटताना तुझा चेहरा कळवळत होता. मी कुणाकडं प्यायला पाणी मागताना चार वेळा विचार करणारी बाई. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, पिशवी खाली ठेवली आणि साचा तुझ्या हातातून काढून घेतला. मोदकाच्या साच्यात वाढलेला हात माझा. तू दाखवलंस, कडेवर एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, मग उलटा धरून एक ठोका. केक तळहातावर पडला. वरती नक्षी, मधे तुमचं एक अक्षर. तू ओरडलीस, "गेनाऊ!", म्हणजे अगदी अस्संच. वरच्या मजल्यावरची म्हातारी झाडूच्या दांड्यानं जमीन ठोकायला लागली, तर तू वर बघून म्हणालीस, "बघ, ती पण साचा आपटतेय."

पहिला केक कापलास तेव्हा मी घाबरलेच. गोड सारणात अख्खं खारवलेलं अंडं, तेही बदकाचं! मी म्हटलं, "ताई, हे चुकून पडलंय." तू हसून हसून खाली बसलीस. "हा चंद्र," म्हणालीस. "चंद्र नसला तर नुसतं पीठ."

तू मला "आ-मुई" म्हणायचीस, म्हणजे धाकटी बहीण. मी ताई म्हणायची. बाकी आपण जे जर्मन बोलायचो ते ऐकून जर्मन माणसं पळाली असती. पण आपली भांडणं कधी अडली नाहीत. चंद्रावरून तर दर वर्षी. तुझा सण बहुतेक वर्षी आमच्या भाद्रपदाच्या पौर्णिमेला यायचा. त्या दिवशी आमचा पितृपंधरवडा लागतो, गोडधोड करून सण मांडायचे ते दिवस नव्हेत. मी म्हणायची, "तुझा चंद्र पितरांचा. खरा चंद्र पुढच्या महिन्यातला, कोजागिरीचा. त्याला आटीव दूध दाखवतात." तू म्हणायचीस, "तुमच्या चंद्राला दूध लागतं कारण तो वाळलेला असतो."

दर वर्षी तू मला संध्याकाळी वर तुझ्या खोलीत बोलवायचीस. खिडकीत बसायचं, चहा प्यायचा, केकच्या फोडी करून खायच्या. मी दर वर्षी साचा आपटून दिला आणि दर वर्षी नाही म्हटलं. आमच्यात आज चालत नाही, ताई.

यंदा मी कॅलेंडर बघितलं. तुझा सण आणि माझी कोजागिरी एकाच दिवशी. तुला सांगितलं नाही. आयत्या वेळी दुधाचं पातेलं घेऊन जिना चढायचा आणि तुला चकित करायचं असं ठरवलं होतं.

उठून आले परत. पाणी प्यायले.

आता भिशीचं. तेच डोक्यात घोळतंय, बाकी सगळं लिहून त्याच्यापाशीच यायचं होतं. तुझ्याकडं लोक वर्षभर दर महिन्याला दहा युरो द्यायचे. तू त्यांच्या कार्डावर लाल शिक्का मारायचीस आणि सणाला प्रत्येकाला केकचे डबे मिळायचे. हाँगकाँगात बेकरीवाले असंच करतात, म्हणालीस, म्हणजे गरिबालाही सणाला चांगला डबा नेता येतो. मी म्हटलं, ही तर भिशी! पण आमच्या भिशीत पैसे देतो आणि पैसेच परत येतात. तू पैसे घेतेस आणि खाऊ देतेस, हा कुठला न्याय?

"पैसे घेऊन कुणी कुणाच्या घरी जातं का?" तू म्हणालीस. "केकचा डबा घेऊन जावंच लागतं. मग बसावं लागतं. मग चहा."

 याचं उत्तर मला या उन्हाळ्यात सापडलं. सगळं गाव फुटबॉलच्या मागं लागलेलं, झेंडे, आरडाओरडा, आणि तुझा मोठा फ्रीझर बंद पडला. तू भिशीच्या पैशातून नवा घेतलास. मी रागावले. लोकांचे पैसे वेगळे ठेवायचे असतात, ताई.

"येतील. कोळंबी विकली की येतील."

"आणि नाही आले तर?"

"तर तू मला रागव. आत्ता हा खोका आत ठेव."

कोळंबीचा गार खोका माझ्या हातात देऊन तू गिऱ्हाइकाकडं वळलीस. उन्हाळा सरला आणि एका सोमवारी दुकान उघडलंच नाही; तू रात्रीतच गेली होतीस. पैसे आले नाहीत, आणि आता मी कुणाला रागावू?

तुझी सुसी हांबुर्गहून आली. डोळे सुजलेले, हातात चाव्यांचा जुडगा. तिनं मला मिठी मारली, मग सांगितलं की आईचं खातं रिकामं आहे, भाडंसुद्धा थकलंय, ती दुकान बंद करतेय. भिशीचं विचारलं तर खाली बघून म्हणाली, "लोकांची माफी मागीन मी. समजून घेतील."

नाही घेतलं. सगळ्यांनी नाही. स्टेशनजवळच्या हॉटेलातला स्वयंपाकी, तो उंच हेर लाम, दुकानासमोर उभा होता. मला बघून मोठ्यानं म्हणाला, "काय, तुझी मैत्रीण? आमचा चंद्र खाऊन गेली!" शेजारचे दोघंतिघं हसले.  जर्मन शब्द आठवले ते सगळे भाजीपाल्याचे. घरी येऊन भांडी घासत राहिले, घासलेलीच परत घासली.

चंद्र खाऊन गेली. त्सुफेनहाउझेनमधे तुझं नाव असं राहता कामा नये. दुसऱ्या दिवशी सुसीकडं गेले. म्हटलं, केक मी करते. साचा दे, आणि पाकाची ती मोठी बरणी दे. तिनं कमळाच्या बियांची पोतीही दिली, अंडीही दिली. "नाहीतरी कचऱ्यातच जाईल," म्हणाली आणि बरणीवरची धूळ आपल्या बाहीनं पुसली.

आज परत लिहायला बसले. सण आठवड्यावर आला. आज काय झालं ते तुला सांगितलंच पाहिजे, तू लोळली असतीस.

तो पाक तूच जूनमधे केला होतास. साखर, पाणी, लिंबू, मंद आचेवर. मग उन्हाळाभर मुरू द्यायचा. ताजा पाक चालत नाही, केक भट्टीत फसकतो आणि नक्षी पुसली जाते, हे तू मला ओरडून शिकवलंस. म्हणून ती बरणी मी जिवापाड जपून आणली आणि स्वयंपाकघरात टेबलाखाली ठेवली. आज उघडली तर निम्मी रिकामी.

"अहो, ही बरणी कुणी उघडली?"

"कुठली? ती काकवीची?" हे पेपरातून मान वर न करता म्हणाले. "जरा आंबूस आहे, पण पोळीशी बरी लागते. विलीला पण एक बाटली दिली." विली म्हणजे ह्यांचा कारखान्यातला जुना मित्र. "तो ब्रेडला लावतो. म्हणे, इंडियन मध फार उत्तम."

"अहो, तो मेईताईचा पाक होता!"

"मग तसं लिहून ठेवायचंस वर."

मी! लिहून! मला हसू फुटलं, आणि हसता हसता तू गेल्यापासून पहिल्यांदा भडभडून रडू आलं. हे बिचारे घाबरून उभे राहिले. मग टोपी घालून निघाले, विलीच्या घरून बाटली परत आणली. तळाशी बोटभर उरला होता.

निम्मा पाक म्हणजे निम्मेच केक. उरलेल्यांचे पैसे परत द्यावे लागणार, आणि तेल, पीठ, साखर आणायची ती वेगळी. माझ्याकडं एकच मार्ग होता, माझी भिशी. आमची खरी भिशी, गेर्लिंगेनला पूर्वाच्या घरी भरते. पूर्वा पुण्याची, नवरा सॉफ्टवेअरमधे, बाकीच्याही तशाच, शिकलेल्या, गाडी चालवणाऱ्या मुली. मी तिथं कोपऱ्यात बसते, चकली खाते, पैसे देते, येते. चिठ्ठीत माझा नंबर पुढच्या जानेवारीचा निघाला होता. या महिन्याचा पूर्वाचाच होता.

भिशी आज संध्याकाळीच होती, ट्रॅममधे वाक्य पाठ करत गेले. तिथं पोचल्यावर विसरले. चहा झाला, पोह्यांच्या बश्या फिरल्या, आणि मी एकदम म्हटलं, "माझा नंबर आधी द्या."

 मग एक म्हणाली, "अगं बाई, काकूंना आवाज आहे!"

"काकू, काय झालं? कुणी आजारी आहे का?" पूर्वानं विचारलं.

मी सांगितलं. जसं आलं तसं सांगितलं, तुझं दुकान, शिक्के, फ्रीझर, लाम. काकवीचं सांगितलं तेव्हा त्या हसून लाल झाल्या. मग ती पहिली म्हणाली, "पण काकू, खरं सांगू? लीगली तुमची काहीच जबाबदारी नाही. त्यांची मुलगी आहे ना?"

"आहे."

"मग तुम्ही कशाला?"

 मी म्हटलं, "आपल्यातली एखादी उद्या गेली, आणि बाकीच्यांचे पैसे तिच्याकडं अडकले. मग लोक तिच्या घरासमोर उभं राहून काय म्हणतील?"

 पूर्वानं कपाटातून पैशाचा डबा आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "मी जानेवारीत घेते. तसंही माझा नवरा त्याचा नवा टीव्ही घेणार होता, चला, वाचला जीव." मग माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आली. "काकू, केक करायला दोन हात कमी पडतील ना? शनिवारी येऊ?"

शनिवार. घरभर कमळाच्या बियांचा वाफारा. प्रत्येक बी उघडून आतला हिरवा कोंब काढायचा, तो कडू असतो. पूर्वा म्हणाली, "हे कुणी शोधून काढलं असेल?" मी म्हटलं, ज्याला झोप येत नव्हती त्यानं. बिया शिजवून, वाटून, तेल-साखर घालून मी पुरणासारखं घाटलं. तू कढईपाशी उभी राहून चमचा नाकापर्यंत न्यायचीस आणि वास घेऊन ठरवायचीस. मला ते जमत नाही. मी उलथणं उभं करून बघितलं. उभं राहिलं. मग उतरवलं.

तुझं ते कडक क्षाराचं पाणी मी पापडखार म्हणूनच ओळखते, ते थेंब मोजून घातलं. साचा आपटला. खालून कुणीतरी दार वाजवून गेलं. पहिल्या घाण्याचे केक तडकले, कारण भट्टी फार तापली. मी सगळे ओट्यावर मांडून बघत बसले आणि राग आला. तुझ्यावरचा राग, ताई. हे सगळं तू मला साच्यापुरतंच का दिलंस? पाक तुझा, भट्टी तुझी, मी फक्त आपटायची. मी कधी विचारलं नाही हेही खरं. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, ओरडून, चिमटा काढून, पण सांगितलं असतंस.

दुसरा घाणा बरा झाला. केक बाहेर आले ते दगडासारखे, निस्तेज. पूर्वाचा चेहरा पडला. "काकू, हे कडक झालेत." मी म्हटलं, थांब. हे मला माहीत होतं. दोन-तीन दिवस झाकून ठेवले की आतलं तेल बाहेर येतं, साल मऊ होते, चमकते. पहिल्या वर्षी मी गरमच केक उचलला होता तर तू हातावर फटका मारलास. "आज हा पीठ आहे. परवा केक होईल. तू आज खाशील तर परवा कोण खाईल?"

तर मी थांबले. तीन दिवस मी केकपाशी जायची, फडकं उचलायची, झाकायची. हे म्हणाले, "बाळंतिणीच्या खोलीत जावं तसं काय चाललंय?" तिसऱ्या दिवशी फडकं उचललं आणि साल तेलानं तुकतुकत होती. मधलं तुझं ते अक्षर स्पष्ट आलं होतं. त्याचा अर्थ मी तुला कधी विचारला नाही. सुसीला विचारलं तर तिलाही येत नाही, ती जर्मनमधेच वाढली.

तुला एक सांगायचं राहिलं. या देशात येऊन मला इतकी वर्षं झाली, डॉक्टर, दुकानदार, मुलाच्या शाळेतल्या बाया, सगळे माझ्याशी हळू आणि मोठ्यानं बोलतात, मी बहिरी असल्यासारखं. तू माझ्याशी भरभर बोलायचीस. मला निम्मं कळायचं नाही, पण तू कधी हळू झाली नाहीस. मला ते किती बरं वाटायचं हे तुला ठाऊक होतं का?

काल सण झाला. आता शेवटचं लिहिते.

सुसीनं दुकानाच्या दारावर जर्मनमधे चिठ्ठी लावली होती, कार्डं घेऊन या. चार वाजता आम्ही दुकानासमोर टेबल मांडलं. ह्यांनी डबे आणले, पूर्वानं गाडी. मी पदर खोचून उभी होते आणि वाटत होतं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मला वाटलं होतं सगळे पैसेच मागतील. झालं उलटंच. विद्यार्थी आले, स्वयंपाकी आले, गल्लीतल्या दोन जर्मन बाया आल्या, आणि प्रत्येकाला केकच हवा. केक निम्मेच होते. मग एका चिनी मुलीनं तोडगा काढला, दोन घरांत एक डबा, राहिलेले पैसे पाकिटात. म्हणजे कोण कुणाकडं डबा न्यायला जाणार यावरून फुटपाथवर चर्चा सुरू झाली, पत्ते दिले-घेतले गेले. तू तिथं असतीस तर मला कोपरखळी मारली असतीस.

हेर लाम शेवटी आला. हात खिशात.

"केक तिचा?"

"पाक तिचा. हात माझा."

फोड घेतली. बराच वेळ चावत उभा राहिला.  त्याच्यासाठी डबा उरला नव्हता, म्हणून मी त्याच्या पैशांचं पाकीट पुढं केलं. त्यानं हात बाहेर काढला नाही.

"मेलेल्याचं देणं घरच्यांनी द्यायचं असतं," तो म्हणाला. "मी परक्या बाईकडून कसं घेऊ? तू कोण तिची?"

सुसी टेबलामागून पुढं यायला लागली. मी तिला हातानं थांबवलं. ताई, मी म्हटलं, "श्वेस्टर." बहीण. जर्मनमधे म्हटलं, म्हणजे कुणी हसलंच तर भाषा कच्ची आहे म्हणता येईल.

तो हसला नाही. माझ्याकडं बघितलं, कुंकवाकडं, साडीवरच्या कोटाकडं, पिठानं माखलेल्या बुटांकडं. मग विचारलं, "मोठी की धाकटी?"

"धाकटी."

"ती फार भांडायची."

"हो. माझ्याशी पण."

त्यानं खिशातून दोन्ही हात काढले आणि पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, जरा वाकून. कार्ड टेबलावर ठेवलं, उघडून पैसे मोजले नाहीत, आणि स्टेशनच्या दिशेनं निघून गेला.

त्याचं तेवढं एकच पाकीट राहिलं होतं. सगळ्यांचे पैसे फिटले, ताई. पूर्ण.